चौदाव्या गणिताचं उत्तर

एकतिसाव्या कागदावरही सत्तरच लिहिलेलं होतं. मास्तरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली, आणि मारल्यावर त्यांना एकदम कसंसंच झालं; अंधाऱ्या जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी मुलांच्या उत्तरावर कधी फुली मारली नव्हती. उत्तर चुकलं की ते त्याच्याभोवती एक लहानसा गोल काढत आणि बाजूला लिहीत, ‘कसं काढलंस?’ चुकीचं उत्तर काही आभाळातून पडत नाही, मूल कुठल्या तरी वाटेनं चालत चालत तिथं जाऊन पोचलेलं असतं, आणि मास्तरनं त्याच वाटेनं त्याच्याबरोबर मागं यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. नव्या शिक्षकांना त्यांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं की मास्तरांची पाठ वळली की ती तरुण मंडळी ओठ हलवून तेच वाक्य म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना मजाच वाटे. आणि आज एका बैठकीत, कपातला चहा निवायच्या आत, एकतीस फुल्या! त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात नेहमीचाच होता, अडुसष्ट वर्षांचा, अंगठ्याजवळ खडूनं कायमचा कोरडा पडलेला.

राग आला होता, हे त्यांना कबूल करावं लागलं. एकाच वर्गातल्या एकतीस मुलांचं एकच चुकीचं उत्तर येतं तेव्हा ते मुलांचं नसतं, फळ्यावरून आलेलं असतं. आणि त्या फळ्यापुढच्या बाई आत्ता खिडकीशी उभ्या राहून, कप दोन्ही हातांत धरून, खालच्या बागेकडे बघत होत्या. परवा त्या सीमेपलीकडून, लढाई संपलेल्या त्या देशातून, दोन बस आणि एक ट्रक बदलून आल्या होत्या. येताना कापडी पिशवीत आपल्या चौथीच्या वर्गानं सोडवलेले हे कागद घेऊन आल्या होत्या, आणि सगळ्या प्रवासात म्हणे त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पुस्तक पक्कं छापण्याआधी नमुन्याची प्रत एका तरी शाळेत चालवून बघावी, हा आग्रह मास्तरांचाच होता. खरं तर ते कागद महिनाभर आधी यायचे. सीमेवरचा पूल बंद होता म्हणून राहिले. तोवर छपाई सुरू झालेली.

ऑफिस होतं लोकरीच्या एका जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर. दमट दिवशी अजून भिंतींना मेंढ्यांचा वास येई. तिथं पाच टेबलं होती, पाच शेजारी देशांची. पलीकडच्या देशात नऊ वर्षं लढाई चालली. ती थांबल्यावर या पाचांनी एकत्र बसून ठरवलं की आता शेजारचं हे पडलेलं घर उभं करायला हातभार लावायचा. नऊ वर्षांत या पाचांतल्या प्रत्येकानं तिथं काय काय केलं ते कुणी त्या बैठकीत काढलं नाही. मग वाटणी झाली. एकानं विटा आणि खिडक्यांच्या चौकटी द्यायच्या, एकानं कागद, एकानं छापखाना आणि ट्रक, एकानं जमिनीत पेरलेले सुरुंग काढणारी माणसं, आणि मास्तरांच्या देशानं पाठ्यपुस्तकं लिहायची. पाचही देशांत, आणि पलीकडच्या त्या देशातही, बोली जवळजवळ एकच, नुसते हेल वेगळे, त्यामुळे भांडायला सोपं पडे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कुणाचा झेंडा आधी यावा यावरून चार महिने गेले. शेवटी एका शेळीचं चित्र टाकायचं ठरलं. शेळीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. मास्तरांना निवृत्तीनंतर हे काम मिळालं तेव्हा त्यांची थोरली बहीण, अक्का, म्हणाली होती, “बरं झालं, घरात माझ्या भाजीच्या देठांची गणितं करत बसतोस त्यापेक्षा तिकडं जाऊन कर.” अक्का चौऱ्याहत्तर वर्षांची, सगळा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. भावावर ती अजून पेशंटसारखी हुकूम सोडे. दोघं एका लहानशा घरात राहत, आणि खरं सांगायचं तर मजेत राहत. या वयात सकाळी डबा घेऊन कामावर निघायला मिळतं, गणितं रचायला मिळतात, ती कुठल्या तरी मुलांच्या हातात पडणार असतात. मास्तरांना आणखी काही नको होतं.

त्यातलं चौदावं गणित त्यांचं सर्वांत लाडकं. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गापासूनचं. एक शेत, लांबट चौकोनी. एका कोपऱ्यावर घर, तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर शाळा. शेताची एक बाजू चाळीस पावलं, दुसरी तीस. मुलगी घरून शाळेत जाते, तर किती पावलं चालेल? दोरा वापरा. एवढंच. वाट कुठली ते गणितात सांगितलेलं नाही, आणि तिथंच खरी गंमत होती. शेजारी चौकटींचा कागद छापलेला, एक चौकट म्हणजे दहा पावलं. मूल आधी कडेकडेनं मोजतं, चार आणि तीन, सत्तर. मग हातातला दोरा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून बघतं, मग तोच दोरा चौकटीच्या रेषेवर ठेवून मोजतं, आणि पाच चौकटी येतात. अगदी नेमक्या पाच. पन्नास पावलं. त्या क्षणी मुलांचं तोंड बघण्यासारखं होई. चाळीस वर्षांत मास्तरांनी ती तोंडं हजारो पाहिली असतील: भुवया वर जात, दोरा पुन्हा एकदा लावून पाहिला जाई, मग एखादं पोर ओरडे, “वीस वाचली!” जणू ती वीस पावलं त्याच्या खिशातच पडली आहेत. मास्तरांना स्वतःला ती सातव्या वर्षी मिळाली होती. अक्काचा हात धरून, कापणी झालेल्या शेतातून, बोचरे खुंट चुकवत ते तिरके पळाले होते आणि पळता पळता मोजत होते. सरळ रेषा ही अशी पायांत उतरते तेव्हा कशी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आयुष्यात पुढं पुष्कळ गोष्टी कळल्या, पण इतकं स्वच्छ काही कळलं नाही. अक्काला हे सांगितलं की ती म्हणे, “काही मोजत बिजत नव्हतास. भोकाड पसरलं होतंस. शाळेला उशीर झाला म्हणून मी फरफटत नेलं तुला.” दोन्ही खरं असेल. रडता रडताही माणूस मोजू शकतो.

आणि एकतीस मुलांना दोरा देऊनही एकालाही ती वीस पावलं सापडू नयेत? मास्तरांनी कागद पुन्हा हातात घेतले. आता राग ओसरला होता आणि त्याच्या जागी लाज येऊन बसली होती. निदान आता तरी वाट शोधावी, म्हणून ते एकेक कागद सावकाश बघू लागले. बाकीची गणितं छान होती. भागाकार तर आपल्याकडच्या मुलांपेक्षा नीट. अक्षर बारीक, कागद वाचवून लिहिलेलं. चौदाव्यात मात्र सगळ्यांनी बाहेरची रेघ गिरवलेली, घर, कोपरा, शाळा. आत एकानंही पाऊल टाकलेलं नाही. एका मुलानं तर दोरा चिकटवूनच टाकला होता, कोपऱ्यावर काटकोनात वाकवून, भरपूर डिंक लावून. आणि एका मुलीनं शेतभर लाल फुलं काढली होती. पानं नाहीत, देठ नाहीत, नुसते लाल गोळे, पण कसे हौसेनं रंगवलेले! मास्तरांचा चेहरा खुलला. गणिताच्या कागदावर फुलं काढणाऱ्या मुलांवर त्यांचा विशेष जीव.

“बाई, ही कोण हो तुमची चित्रकार? गणित चुकलं तर चुकलं, पण शेत काय फुललंय!”

बाई खिडकीपासून आल्या. चाळिशीच्या, किडकिडीत, चालताना जमिनीकडे बघायची सवय. त्यांनी आधी कागदावरची फुली पाहिली. मग खालचा कागद उचलून पाहिला, मग त्याखालचा. मग त्या लाल गोळ्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही फुलं नाहीत, मास्तर. दगड आहेत. रंगवलेले.”

“दगड?”

“जिथं सुरुंग असतील तिथं लाल रंगाचे दगड मांडून ठेवतात. आमच्या शाळेमागचं शेत असंच आहे. हिचं घर त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर.” आणि मग, मास्तरांना काहीतरी समजावून द्यावं लागेल हे लक्षात येऊन, त्या थोड्या संकोचानंच म्हणाल्या, “शेतातून कोण जाईल?”

मास्तरांनी पुढ्यातला कप उचलला आणि तसाच ठेवला. काल संध्याकाळी ते बाईंना खालची बाग दाखवायला घेऊन गेले होते. हिरवळीवरून तिरकं गेलं की फाटक लवकर येतं, म्हणून ते सवयीनं हिरवळीवर उतरले, दहाबारा पावलं गेले, बोलतच होते, आणि बघतात तर शेजारी बाई नाहीत. त्या मागं फरशीवरच उभ्या. “या हो, गवतावर चालू नये अशी पाटी नाही इथं,” ते हसून म्हणाले होते. बाईही हसल्या होत्या, आणि फरशीफरशीनं सगळी बाग वळसा घालून फाटकाशी आल्या होत्या. पाहुण्या आहेत, जरा रीतभात सांभाळणाऱ्या आहेत, असं मास्तरांना वाटलं होतं. घरी जाऊन अक्काला सांगितलंही होतं, “फार नेमस्त बाई.” आता त्या दहाबारा पावलांचा आणि फरशीवरच्या त्या हसण्याचा अर्थ त्यांना कळला. आणि जिन्यावर बाई मागून येताना बरोबर आपल्याच पावलावर पाऊल ठेवतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि त्याचं काही केलं नव्हतं. मुलांच्या चुका ओळखायला आपल्याला चाळीस वर्षांचा सराव आहे, ते मनाशी म्हणाले, पण बरोबर उत्तर ओळखायला कुणी शिकवलं नाही.

“पण बाई, मला कळवायचं होतंत,” ते म्हणाले, आणि बोलताना त्यांचं त्यांनाच ते केविलवाणं वाटलं.

“मला वाटलं, तुम्ही मुद्दामच दिलंय. वाट सांगितली नाहीये ना गणितात. मला वाटलं, मुलं सांभाळून जातात की नाही ते बघायला दिलंय. आम्हा सगळ्यांना आवडलं ते गणित.” बाईंनी कागदांची चळत सरळ केली. “फुल्या बघितल्यावर कळलं.”

पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. चौदा: पन्नास पावलं. मास्तरांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः तीनदा तपासलेलं. आणि शेवटचा फर्मा, म्हणजे पुस्तकाची शेवटची सोळा पानं, आज दुपारी चार वाजता यंत्रावर चढणार होता. उद्या बांधणी, परवा ट्रक. पुलावरून ट्रक सोडायची पाळी आठवड्यातून एकदाच येई. ती चुकली तर सोमवार चुकला. आणि सोमवारी त्या देशात सहा वर्षांनी सगळ्या शाळा, नुसत्या बाईंच्या शाळेसारख्या तुरळक नव्हे, एकाच दिवशी उघडायच्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गाला मी सांगीन, पुस्तकात चुकलंय म्हणून.”

“तुमच्या वर्गाला सांगाल. आणि बाकीच्या?”

बाकीच्या चारशे शाळा होत्या, आणि निम्म्या शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्यासमोर उभं राहायचं होतं. ते पुस्तकात बघून शिकवणार. सत्तर लिहिणाऱ्या पोराला उत्तराचं पान काढून दाखवणार, हे बघ, पन्नास, तुला कसं रे सुचलं नाही. ते पोर दोरा ताणून बघणार. त्याच्या भुवया वर जाणार. मास्तरांना ते तोंड अगदी स्पष्ट दिसलं, हजारो वेळा पाहिलेलं, जगातलं त्यांचं सर्वांत आवडतं तोंड, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांपुढं आले ते ट्रक. ते कुठून आले, मास्तरांना कळलं नाही; इतकी वर्षं ते असे कधी आले नव्हते. लढाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांच्या शाळेवरून सीमेकडं जाणाऱ्या रस्त्यानं ट्रकच्या रांगा जात. वर ताडपत्री घट्ट आवळलेली. वर्गाच्या काचा थरथरत, मुलांचं लक्ष उडे, आणि मास्तर लक्ष उडालेल्या मुलांवर ओरडणाऱ्यांतले नव्हते. लक्ष जिकडं गेलंय तिकडंच गणित न्यावं. “मोजा,” ते म्हणाले होते. मुलं खिडकीला लोंबली. सतरा. “एका ट्रकमध्ये चाळीस खोकी मावतात असं धरा, तर?” सहाशे ऐंशी, सगळ्यांत आधी मागच्या बाकावरची एक पोरगी ओरडली, आणि मास्तरांनी तिला फळ्यावर बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. खोक्यांत काय असेल हे मुलांनी विचारलं नाही. मास्तरांनीही नाही. गणिताला त्याची गरज नव्हती. त्या टाळ्या त्यांना आत्ता ऐकू आल्या, कोवळ्या हातांच्या, जराशा बेताल. त्यांनी डोळे उघडले. समोर बाई उभ्या होत्या, आणि बाईंना यातलं काही सांगायचं नव्हतं. सांगून त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकायचं, इतकंच झालं असतं. आज ना उद्या सांगावं लागेल, ही एक बारीक कळ मात्र छातीत राहिली, आणि तिला राहू द्यायचं त्यांनी ठरवलं.

त्यांनी फोन ओढला. छापखान्याचे व्यवस्थापक शेजारच्या देशातले. ऑफिसात त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण त्यांनी आणि मास्तरांनी आठ महिने स्वल्पविरामांवरून वाद घातला होता. हे नाव त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं, आणि फोन उचलल्यावर ते स्वतःच म्हणत, “स्वल्पविराम बोलतोय.” त्या देशाचं आणि मास्तरांच्या देशाचं एका नदीच्या पाण्यावरून तीन पिढ्यांचं हाडवैर. पण छापखानेवाल्याला फर्मा कळतो आणि मास्तराला गणित कळतं, तेवढ्यावर दोघांचं निभावलं होतं.

“स्वल्पविराम बोलतोय. मास्तर, आता काय राहिलं तुमचं?”

“चौदावं गणित. छापून झालं?”

“तिसऱ्या फर्म्यात आहे ते. कधीच झालं. चाळीस हजार फर्मे घडी घालून ठेवलेत. का? त्यात चूक निघाली असं सांगू नका, मी फोन ठेवून देईन. जादा कागद एक रीमसुद्धा नाही. कागदवाल्यांकडून यायला तीन आठवडे.”

“गणितात चूक नाही. उत्तरात आहे. उत्तरं शेवटच्या फर्म्यात.”

पलीकडे यंत्राची धडधड ऐकू येत होती. “प्लेट तयार आहे,” स्वल्पविराम सावकाश म्हणाले. “एका पानाची नवीन करायची तर दीड तास. अर्ध्या तासात नक्की मजकूर द्या. त्यानंतर देवानं फोन केला तरी मी यंत्र थांबवणार नाही.”

मास्तरांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि कोरा कागद ओढला. लिहिलं: ‘१४. पन्नास पावले. पण शेतात सुरुंग असल्यास कडेने जावे, सत्तर पावले.’ वाचून बघितलं. बरं वाटलं. दोन्ही राहिलं होतं. त्यांनी तो कागद बाईंपुढं सरकवला.

बाईंनी तो उभ्यानंच वाचला. “मुलं ‘पण’ वाचत नाहीत, मास्तर,” त्या म्हणाल्या. “आकडा वाचतात.”

हे मास्तरांनीच त्यांना परवा शिकवलं होतं, नव्हे, तीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं: उत्तर लिहिताना शेपूट लावू नका. त्यांनी ती ओळ खोडली. ‘१४. सत्तर पावले. शेत मोकळे झाल्यावर पन्नास.’ यात तर त्यांना काही विलक्षणच सापडल्यासारखं वाटलं. गणितात एक आशा. “हे बघा. किती दिवसांत मोकळं होईल तुमचं शेत?”

“काढणारी माणसं आलीत ना, तुमच्यातल्याच एका देशाची. फार चांगली आहेत. गुडघ्यावर बसून काम करतात. दिवसाला एका चादरीएवढी जमीन होते.” आपण एका म्हाताऱ्या माणसाकडून काय काढून घेतोय, हे बाईंना दिसत असावं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. वर्गात एखाद्या पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. “मास्तर, मोकळं झालंय हे कोण ठरवणार? तिथं लाल दगड असतात, आणि पुरात दगड वाहून जातात. मुलगा बघेल, दगड नाहीत. म्हणेल, झालं मोकळं. पुस्तकात लिहिलंय, पन्नास. नका लिहू. आमच्या मुलांना पन्नास ठाऊक नाही असं नाही. ती वर्गात दोरा लावून बघतात, दिसतंय त्यांना. तो दोरा चिकटवलेला मुलगा आहे ना, त्यानं आधी तिरका लावला होता. मग काढला. कागद नीट बघा, डिंकाचा डाग आहे.”

मास्तरांनी कागद उजेडात धरला. शेताच्या मधोमध, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक फिकट, चकचकीत, सरळ रेघ होती.

किती वेळ ते तिच्याकडं बघत राहिले कोण जाणे. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती वीस पावलं त्या पोराला सापडली होती. तोंड तसंच झालं असेल, भुवया वर. आणि मग त्यानं एकट्यानं, कुणी न सांगता, तो दोरा उचलून कडेला नेला होता. हे काही कुठल्या चौथीच्या पुस्तकात नव्हतं. चाळीस वर्षं आपण मुलांना दोरा ताणायला शिकवला, त्यांना वाटलं, आणि हे पोर मला तो वाकवायला शिकवतंय. गेल्या तासाभराचं अवघडलेपण त्यांच्या खांद्यांवरून उतरू लागलं. बऱ्याच वर्षांनी ते असे कुणाच्या तरी वर्गात, मागच्या बाकावर बसले होते, आणि समोर शिकवणारं माणूस चांगलं होतं.

त्यांनी फोन लावला. “लिहून घ्या. चौदा. सत्तर पावलं.”

“पुढं?”

“पुढं काही नाही. पूर्णविराम.”

पलीकडं पेन्सिल कागदावर खुडखुडली. मग थांबली. “मास्तर, एक मिनिट. हे चुकतंय. चाळीस आणि तीस, तर तिरकं पन्नास येतं. मी शाळेत गेलोय हो. माझ्या पोरीला परवा हेच गणित घातलं, तिनं दोऱ्यानं पटकन काढलं. पन्नास.”

“तुमच्या पोरीचं बरोबर आहे.”

“मग?”

“ती ज्या शेतातून जाईल तिथं पन्नासच. या पुस्तकातल्या शेतात सुरुंग आहेत.”

यंत्र धडधडत राहिलं. मग स्वल्पविराम म्हणाले, “त्यात आमच्याकडून गेलेले असतील.”

“आमच्याकडूनही,” मास्तर म्हणाले. सतरा ट्रक. चाळीस खोकी. ते बाईंकडं न बघता बोलले. पण बाई तिथंच होत्या, आणि त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या खिडकीकडं गेल्या नाहीत.

“सत्तर,” स्वल्पविराम म्हणाले. “आकड्यात की अक्षरात?”

“दोन्हींत.”

“चारला यंत्र चालू करतो. सोमवारी पुस्तकं पोचतील. ट्रकबरोबर या वेळी मीच जाणार आहे, पुलावर कुणी अडवलं तर भांडायला माणूस हवा.” आणि फोन ठेवता ठेवता, “स्वल्पविराम एकही नाही या उत्तरात. बघा, जमतं तुम्हाला.”

आता फुल्या राहिल्या. मास्तरांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि पहिला कागद घासायला घेतला. लाल पेन्सिल जाईना. गुलाबी डाग पसरला आणि कागद खरवडला. बाईंनी त्यांचा हात थांबवला.

“खोडू नका. तसंच राहू द्या. खाली लिहा की.”

“काय लिहू?”

“काय झालं ते. आमच्याकडं मास्तर लोक कधी चूक कबूल करत नाहीत. मीसुद्धा नाही करत. मुलांना फार मजा वाटेल. घरोघर दाखवत फिरतील.”

“एकतीस वेळा लिहू?”

“एकतीस मुलं आहेत,” बाई म्हणाल्या, आणि परवा आल्यापासून पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या.

मास्तरांनी शाईचं पेन घेतलं, बाह्या वर सारल्या आणि पहिल्या फुलीखाली लिहिलं: ‘तुझं बरोबर आहे. माझं चुकलं.’ खाली सही. दुसऱ्यावर तेच. अक्काला हे सांगितलं की ती हसून हसून लोळणार, म्हणणार, बरी जिरली, मला तर एकदासुद्धा म्हणाला नाहीस. तिसऱ्यावर तेच. लहानपणी गृहपाठ विसरल्याबद्दल पन्नास वेळा एकच वाक्य लिहायची शिक्षा मिळे, तेव्हा हात दुखायचा. आज दुखत नव्हता. उन्हाची तिरीप टेबलावर सरकत आली होती, गोदामाला मेंढ्यांचा वास येत होता, समोर बाई एकेक कागद पुढं करत होत्या आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होत्या. प्रत्येक कागद देताना त्या मुलाचं एकेक वाक्यात सांगत होत्या. हा आजीला पाणी आणून देतो. ही वर्गात सर्वांत जोरात हसते. हा बोलत नाही, पण गातो. हिचे भाऊ जुळे आहेत, आणि हिलाच ते ओळखता येतात. मास्तर मान डोलवत होते, लिहीत होते. बारा-तेरा कागदांनंतर त्यांची ओळ जराशी खाली उतरू लागली, ‘चुकलं’मधला ‘क’ घाईघाईनं अंगाखाली पाय घेऊन बसल्यासारखा दिसू लागला.

बाईंनी तो कागद फुंकर न घालता त्यांच्यापुढं परत ठेवला आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

“अक्षर नीट काढा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मुलं वाचणार आहेत.”

“हो, बाई,” मास्तर म्हणाले, आणि ताठ बसून त्यांनी पुढचा कागद ओढला.